पिकअपमधला रेडिओ आणि माझी मिशी

गावात मला अजिनाथ म्हणून कमी आणि ‘आकाशवाणी’ म्हणून जास्त ओळखतात. पहाटे पिकअप घेऊन दुधाचे कॅन गोळा करायला निघालो की पहिल्या गोठ्यापासून शेवटच्या गोठ्यापर्यंत माझं तोंड चालू असतं. गाडी डिझेलवर चालते, मी बोलण्यावर. डिझेल कधी कधी संपतं तरी.

बायकोचं नाव ज्योती. लग्नाला बावीस वर्षं झाली, लेकीचं नाव संस्कृती, ती नगरला कॉलेजात आहे. या बावीस वर्षांत मी ज्योतीशी किती बोललो असेन याचा हिशोब नाही आणि तिचं उत्तर मात्र ठरलेलं: “व्हय.” मी चारचौघांत छाती काढून सांगायचो की आमच्या घरात कधी वाद म्हणून नाही. वाद व्हायला समोरच्याला बोलू द्यावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव नगर-शेवगाव रस्त्यापासून आत, कोरड्या माळाला. शीतकरण केंद्राच्या वाटेवर एक खिंड लागते. तिथे मोबाईलला नेटवर्कची एकही दांडी येत नाही. गेल्या मे महिन्यात त्या खिंडीत माझी गाडी बंद पडली. तीन तास कुणी फिरकलं नाही. दूध नासलं ते नासलंच, पण तीन तास मला ऐकायला कुणी नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा शेळ्यांशी राजकारण बोललो.

त्याच महिन्यात भिंगारला एक घर हलवायचं भाडं लागलं. घर हनुमंतनानांचं. नाना फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशाच्या कामाला होते, आता रिटायर. त्यांच्या सामानात एक काळा डबा होता. नव्या घरात कपाट लागायच्या आधी त्यांनी तो जोडला, माइक हातात घेतला आणि साताऱ्याच्या कुठल्याशा मास्तरांशी गप्पा मारायला लागले. ना रिचार्ज, ना टॉवर.

“नाना, ह्ये काय हाय?”

“हॅम रेडिओ. हौशी लोकांचा असतो. घरात चालतो, गाडीतही बसतो.”

गाडीतही बसतो, एवढंच मी ऐकलं. नाना पुढे बरंच काही सांगत होते, पण समोरचा बोलताना आपण पुढे काय बोलायचं याचा विचार करायची माझी जुनी सवय. त्यांचा एक जास्तीचा संच मी मागून घेतला आणि गावात पोचताच उचलली जीभ लावली टाळ्याला.

दूध केंद्राचे सचिव सहादेव हा माझा वर्गमित्र. त्याच्यासमोर, दहा-बारा जण कॅन घेऊन उभे असताना मी जाहीर केलं, “दसऱ्याला ह्या गाडीतनं मी भिंगारला बोलून दाखवतो. मोबाईल न्हाई, काय न्हाई!”

सहादेव म्हणाला, “आन् न्हाई बोल्लास तर?”

“तर ही मिशी उतरवीन.”

मिशीबद्दल सांगायला हवं. माझ्या अंगावर बघण्यासारखी तेवढीच एक गोष्ट आहे. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज खोबरेल लावून पीळ दिलेली. तिच्या जोरावर मी दोनदा ग्रामपंचायतीला उभा राहिलो आणि दोनदा पडलो, पण पडलेल्यांत उठून दिसलो.

मग संच बसवायला घेतला. जुना टेप काढून त्या खोबणीत डबा कोंबला. वीज थेट बॅटरीवरून घे, मध्ये फ्यूज टाक, असं नानांनी फोनवर बजावलं होतं. एवढी लांब वायर कोण ओढणार? मी हॉर्नच्या वायरीला जोड दिला. माझा हॉर्न साधा नाही, पाच सुरांचा आहे. तो दाबला की संच बंद पडायचा. सोडला की पुन्हा चालू. पहिले आठ दिवस मला वाटलं, संचाला हॉर्न आवडत नाही.

ते निस्तरलं, तर अँटेनाचं आलं. केबिनच्या टपावर तिची पट्टी बसवायची. नाना म्हणाले, “पट्टीखालचा रंग खरवडून काढ. चकचकीत पत्रा दिसला पाहिजे.” आता गाडीला दोनच महिन्यांपूर्वी नवा रंग दिलेला, कपाळावर ‘कानिफनाथ प्रसन्न’ लिहून घेतलेलं. त्याच्या मागच्या पत्र्याला कानस लावायची? माझा हात धजेना. मी आपला देशी तोडगा काढला. ट्यूबचं रबर. आमच्याकडे ट्यूबचं रबर सगळ्यावर चालतं. विहिरीवरच्या मोटारीखाली तेच, बिजागरीत तेच, खाट डुगडुगली तर पायाखाली तेच. मी पट्टीखाली रबर घातलं, बोल्टांनाही रबराचे वायसर कापून घातले. एक ओरखडा नाही! वर गाडी आदळली तरी अँटेनाला धक्का नाही. संचातून खरखरत का होईना आवाज यायला लागले, म्हणजे जोडणी झकास झाली असं मी धरून चाललो.

मग फोन करून नानांना म्हणालो, “झालं. आता बोलू का?”

“परवाना?”

नानांचं मी जे ऐकलं नव्हतं ते हेच होतं. आधी सरकारी परीक्षा, मग परवाना, तोपर्यंत ऐकायचं फक्त. आणि परवाना मिळाला तरी धंद्याचं एक अक्षर बोलायचं नाही. दुधाची गाडी उशिरा येतेय, हेसुद्धा नाही. ज्या कामासाठी मी हा उद्योग मांडला होता, नेमकं तेच काम त्या डब्यावर करायला बंदी होती. पण मिशी पणाला लागलेली. माघार घेणार कशी?

मी परीक्षेला बसायचं ठरवलं. नाना म्हणाले, “दोघांचेही फॉर्म भर. वहिनी सायन्सच्या आहेत ना?” ज्योती बारावी सायन्स आहे हे नानांना एका भेटीत कळलं होतं. मला माहीत होतं, पण आठवण नव्हती.

अभ्यासाची पद्धत माझी. संध्याकाळी मी अंगणात बाजेवर आडवा व्हायचो आणि ज्योतीने पुस्तकातला प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचं, इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा. मी डोळे मिटून ‘डोक्यात घेत’ असायचो. घोरलो की ती थांबत नव्हती, हे मला नंतर कळलं.

निकाल लागला. ज्योती पास, मी नापास.

मी गावात सांगितलं, माझा निकाल राखून ठेवलाय. सहादेवाने विचारलं, “कशासाठी, बियाण्यासाठी?”

परवाना आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ज्योतीने त्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि देवळीत ठेवली. नानांचा फोन आला. “अजिनाथ, नीट ऐक. परवाना तिचा. गाडीतून बोलायची मुभाही तिचीच. तू ड्रायव्हर. तिच्या नावावर दुसरं कुणी बोललं, तर परवाना तिचा जाईल. उद्या नऊला मी संच लावून बसतो.” या वेळी मी सगळं ऐकलं. ऐकून झोप लागली नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. ज्योतीने संचाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि स्पीकरच्या जाळीत जाऊ नये म्हणून लगेच पुसलंही. दूध केंद्र माळावर, उंचाला आहे. नऊला तिथे पन्नासेक माणूस जमलं होतं. सहादेवाने न्हाव्यालाही निरोप दिला होता. तो पेटी घेऊन कट्ट्यावर बसला होता.

मी मोठ्याने म्हणालो, “आधी जरा मशीन तपासून घेऊ,” आणि माइक ज्योतीच्या हातात दिला. ती पदर सावरून केबिनमध्ये बसली. बटण दाबून तिने आपल्या परवान्याची अक्षरं, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, सांगितलं आणि नानांना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. संच तापायला लागला. गर्दीत कुणीतरी हसलं. मी बोनेट उघडलं, काही समजत नसताना वायरी हलवल्या आणि बोनेट बंद केलं.

ज्योती खाली उतरली. टपाकडे बघत म्हणाली, “त्या पट्टीखाली काय घातलंय?”

“रबर. ट्यूबचं. एक नंबर काम हाय.”

“आन् बोल्टाला?”

“तिथंबी रबर.”

ती माझ्या अगदी जवळ आली. मग पन्नास माणसांसमोर, पण फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “गाडीचा पत्रा म्हंजे अँटेनाचं अर्धं अंग आस्तंय. आर्थिंग पत्र्यालाच पायजे. तुमी त्येच तोडलं. ह्यो प्रश्न परीक्षेत हुता. मी तुमाला तीनदा वाचून दाखवला.”

तीनदा! मी तिन्ही वेळा घोरत असणार. मी टपावर चढलो, रबर उपसलं आणि कानशीने माझ्याच हाताने माझा नवा रंग खरवडला. पांढरा पत्रा उघडा पडला. बोल्ट आवळले. ज्योतीने पुन्हा हाक मारली आणि संचातून नानांचा आवाज असा स्वच्छ आला की कट्ट्यावरचा न्हावीही उठून उभा राहिला. “हॅपी दसरा, वहिनी! आवाज एकदम साफ. ओव्हर.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहादेव म्हणाला, “झालं ना तपासून? आता तू बोल.”

ज्योतीने माझ्याकडे बघितलं. मिशीकडे बघितलं. मग तिने माइक माझ्या पुढ्यात धरला. “बोला तुमी. माझी अक्षरं सांगा आन् नमस्कार करा फक्त. हितं कुनाला काय कळतंय.”

माइक माझ्या हातात आला. बटणावर अंगठा. पन्नास माणसांचे डोळे माझ्यावर. आयुष्यभर मी अशाच क्षणाची वाट बघत होतो आणि नाना सोडले तर कुणाला कळणारही नव्हतं. तेवढ्यात ज्योतीने देवळीतून सोबत आणून सीटवर ठेवलेली, परवान्याची ती प्लॅस्टिकची पिशवी दिसली. सातबारा माझ्या नावावर, घर माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, गॅसचं कार्डसुद्धा माझ्या नावावर. आमच्या घरात ज्योतीने स्वतः मिळवलेला, तिच्या एकटीच्या नावाचा तेवढा एकच कागद होता. आणि माझ्या चार केसांसाठी ती तो द्यायला निघाली होती. मला माझी लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

“मी नापास झालोय,” मी सहादेवाला म्हणालो, पण माझा आवाज मुळातच मोठा, सगळ्यांनी ऐकलं. “निकाल राखून-बिखून न्हाई ठेवला. बोलायचा हक्क हिचा हाय.” आणि माइक तिला परत दिला.

न्हाव्याने तिथेच, कट्ट्यावर, काम केलं. आपट्याची पानं वाटणारे लोक जाता-येता बघून जात होते. घरी गेलो तर आईने दारातच कपाळाला हात लावला. “आरं, बाप जित्ता हाय अजून तुजा! मिशी कशी काढलीस मुडद्या?” दादा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “मी हाय की जित्ता. हाच वळखू येईना.”

त्यानंतर गाडीतला माइक ज्योतीने काढून घेतला. तो घरी तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी असतो. नानांच्या जुन्या छोट्या संचावर ती घरूनही बोलते, गच्चीवर पाईप उभा करून अँटेना तिनेच चढवली. पट्टीला रबर नाही. गाडीत मी फक्त ऐकतो. सकाळी सातला खिंडीत पोचलो की गाडी बाजूला घेतो, कारण मोबाईलला दांडी नसली तरी उंचावर असल्याने तिथे रेडिओ सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो.

ती नानांशी बोलते. काल वाऱ्याने पाईप हलला, मग ताण कुठून दिला. बारावीला तिला फिजिक्सला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते आणि पुढे शिकायचं होतं. तिला सगळ्यात जास्त हसू येतं ते माझ्या निवडणुकीच्या भाषणांचं. हे सगळं आमच्याच घरातलं, आणि मला खिंडीत गाडी उभी करून कळतंय. मध्ये बोलावंसं वाटतं, फार वाटतं, पण बोलणार कशावर? बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी बायको तिचं वाक्य पुरं करते.

परवा नानांनी तिला विचारलं, “अजिनाथ पुन्हा परीक्षेला बसतोय का? ओव्हर.”

“फॉर्म भरलाय, नाना. ह्या टायमाला मी वाचून दावत न्हाई, त्येच वाचत्यात. आता खिंडीत थांबून ऐकत आसतील. संस्कृतीचे पप्पा, उतारावर गाडी सावकाश घ्या. येताना आपल्या गच्चीतल्या अँटेनाला दोन बोल्ट आना. ओव्हर.”

माइक नव्हता. मिशीही अजून नीट फुटली नव्हती. मी त्या काळ्या डब्याकडे बघून म्हणालो, “व्हय.”