दाबू?

तो आमचा जुना शेजारी, इकडे हिंदी मुलखातच वाढलेला. महाराणा प्रताप नगरातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. लिफ्टचं बटण असो की कुणाच्या दाराची बेल, बोट अधांतरी धरून तो सोबतच्या माणसाला आधी विचारणार, "दाबू?"

माउसला तो हात लावत नाही. काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करतो आणि ढीगभर फायलींतला एखादा शब्द एका दमात बदलून टाकतो. पण त्याआधी तो शब्द कुठे कुठे आहे, ते शोधून दाखवतो. "पहले देख लो, वहिनी. नंतर रडायचं नाही."

यंदा आम्ही सगळे तुलसी नगरातली सरकारी क्वार्टर्स सोडून पांगलो. मराठी मंडळही शहराच्या टोकाला, कोलारला गेलं. मी मंडळाची सचिव. त्याला म्हटलं, "आपल्या सगळ्या फायलींत तुलसी नगरचं कोलार करून टाक बाबा."

त्यानं आधी तो शब्द शोधायला लावला. जुन्या कार्यक्रमांच्या ओळी वर सरकू लागल्या. कोजागरी, गच्चीवर, तुलसी नगर. बायकांचं नाटक, तुलसी नगर. भोंडला, पाऊस आल्याने जिन्यात, तुलसी नगर.

मग त्यानं बदलायची ओळ टाइप केली. बोट एंटरवर येऊन थांबलं. मी त्याच्या प्रश्नाची वाट बघत होते, पण त्यानं हातच मागे घेतला.

"वहिनी, हे सब तर तिथंच झालं होतं ना?"

ती ओळ पुसून त्यानं फक्त यंदाच्या फाइलीपुरती नवी लिहिली.

"आता दाबू?"

जिन्यातला भोंडला अजून पडद्यावर होता.

"थांब जरा," मी म्हणाले.