मोरगावची संकष्टी आणि 'कमी' झालेली शुगर

आजारी माणसाच्या हातातला पेढा कुणी हिसकावून घेतं का? माझ्या नणंदेने घेतला, आणि रांगेतल्या शहाण्यांनी वर माना डोलावल्या. एक जण तर मलाच म्हणाला, "बाई, त्यांना शुगर आहे म्हणताय आणि पेढा खाऊ देताय? नवऱ्याला मारायचंय का?" कोण कुणाला मारत होतं ते वाचा. मोरगावला जाणार असाल, आणि घरात कुणी शुगरचं माणूस असेल, तर वाचाच.

संकष्टीला जायचं हे आमच्या ह्यांनी ठरवलं. मी म्हटलं साध्या वारी जाऊ, गर्दी नसते. नाही म्हणजे नाही. मग कर्वेनगरहून रिक्षाने स्वारगेट आणि तिथून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून ह्यांची बहीण मालनताईही निघाल्या. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी असा रस्ता. घाटात पुढे ट्रक लागला की बस रांगते, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका. सासवडला आम्ही दोघींनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. गरम होती, पण दाण्याचं कूट खवट. ह्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ह्यांची संकष्टी कडक, चंद्र दिसेपर्यंत तोंडात काही नाही. शुगरची गोळी मात्र सकाळी घेतलेली. "गोळी आपण कधी चुकवत नाही," असं शेजारच्या माणसाला ऐकवत होते. मलाही ते कौतुकाचंच वाटलं.

मोरगावचं देऊळ लांबून गढीसारखं दिसतं. उंच तट, कोपऱ्यांवर मनोरे. आणि गणपतीपुढे नंदी, तो नीट बघा, घाईत पुढे जाऊ नका. मला तो धड बघता आला नाही. रांग मांडवात होती, सावली होती, वारा होता, तरी ह्यांचा सदरा पाठीला चिकटला. हात धरला तर गार. बोटं थरथरत होती.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"डबा दे लवकर. पाळी चुकेल माझी," हे म्हणाले.

कंपनीतून रिटायर झालेला माणूस, आणि कामाच्या पाळीवर निघाला होता!

पुढची बाई प्रसादाचे पेढे वाटत होती. ह्यांनी लहान मुलासारखी झडप घातली. मालनताईंनी पेढा तोंडाजवळून काढून घेतला. "दादा, उपास आहे ना तुझा! आणि शुगर विसरलास?" ह्यांनी गुपचूप सोडला. थोड्या वेळात खाली बसले आणि माझ्या खांद्यावर कलंडले. डोळे उघडे, पण मी दिसत नव्हते त्यांना. कुणी म्हणालं ऊन लागलं, कांदा हुंगवा. कुणी हळूच विचारलं, "थोडी घेऊन आलेत का?" मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

दोघांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोट टोचलं आणि म्हणाल्या, "शुगर फार कमी झालीय."

मालनताईंनी हात जोडले. "कमी झाली? गणपती पावला!"

हसू नका. आमच्या घरात 'शुगर कमी आली' म्हटलं की चहा होतो. कमी म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक.

"अहो मावशी, पावला कसला? जीव जायची वेळ आलीय," बाई ओरडल्या. शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी. श्वास चाललाय का, एवढंच बघत होते. मग ह्यांनी विचारलं, "दर्शन झालं का?"

बाईंनी मग समजावलं. रक्तातली साखर वाढली की शरीर ती खाली आणतं, उतरली की यकृतातल्या साठ्यातून सोडतं. आपण झोपलो तरी हे चालूच. ह्यांची गोळी मात्र साखर खालीच ओढत राहते, पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. तो घाम, ती थरथर, म्हणजे शरीर हाका मारत होतं. पेढ्यावरची झडपसुद्धा. माणूस शुद्धीत आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

संध्याकाळपर्यंत त्यांनी बसवून ठेवलं, जेवायला लावलं, पुन्हा बोट टोचलं. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. ह्यांचा हात धरून बसले. स्वारगेटला उतरल्यावर आधी टोचायचं मशीन घेतलं.

आता घरी आहोत. लोक विचारतात, ट्रिप कशी झाली? पंख्याखाली ह्यांच्या कपाळावर घाम दिसला की मी हातातलं काम टाकून बघत बसते. उकाड्याचा आहे की साखरेचा? आत काय चाललंय ते दिसत नाही. हे झोपले की मी उगाचच हाक मारते, ओ दिली की मग ओरडा खाते.

आणि काल हे शांतपणे म्हणाले, "पुढच्या संकष्टीला बघू." काय बघू? अहो, माझं लिहिलेलं तुम्ही चुका काढायला वाचता, म्हणून इथेच विचारते. गोळी आणि उपास दोन्ही एकत्र चालणार नाही. आपल्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येणार आहात की नाही? रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडाने सांगा. नुसती मान हलवलेली मी धरणार नाही.