कळसूबाईचं तोंड

कळसूबाईच्या पायथ्याचं आमचं बारी गाव सोडून मी पुण्याला निघाले, तेव्हा आईने मला एसटीच्या शेवटच्या बाकावर बसवलं. तिथे हाडं खिळखिळी होतात म्हणून शहाणी माणसं बसत नाहीत, पण मागची काच तिथेच असते. "राजूरपर्यंत कळसूबाई दिसंल," एवढंच ती म्हणाली. मी इतकी रडत होते की धड काही दिसलं नाही, ते सोडा.

आता पुण्यात टू-बीएचके आहे, लॅबमधली नोकरी आहे, लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या ग्रुपवर भांडणारी मी आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई गावी एकटी पडली. तिने कायमचं माझ्याकडे यावं म्हणून मी जिवाचं रान केलं. हॉलमध्ये कळसूबाईचा चार फुटी कॅनव्हास प्रिंट लावला, ऑनलाइन मागवलेला. खाली ढग, वर काळे कडे. येणारा-जाणारा बघत राहायचा.

आईही पिशवी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"सुमे, ही पाठ हाय. पल्याडून काढलाय फोटो. तिचं तोंड आपल्याकडं हाय."

खरंच तो इगतपुरीच्या अंगाने काढलेला होता. त्या डोंगराखाली वाढलेल्या मला ते कळलं नव्हतं, याची फार लाज वाटली. सडा टाकून कळसूबाईला हात जोडल्याशिवाय आईला चहा जात नाही. चार दिवस तिने त्या प्रिंटकडे पाठ करून गॅलरीतल्या आभाळाला हात जोडले आणि पाचव्या दिवशी गाव गाठलं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे फोटो यायला लागले. रोज सकाळी एक, आमच्या अंगणातून. पहिल्यात निम्मं शेणाचं सारवण होतं. पावसाळाभर तर नुसतं धुकं. "आज न्हाई दिसत, पन तिथंच हाय," असा खाली तिचा आवाज. मोठमोठे फोटोग्राफर लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन आमच्या गावात येतात, स्वच्छ उजेडासाठी दोन दिवस राहतात. आई मात्र दाराच्या चौकटीला खांदा टेकवून आयुष्यभर त्या उजेडाची वाट बघत आलेली. दसऱ्यानंतर एका सकाळी तो पडला. डोंगराची घडी न् घडी उघडली, लोखंडी शिड्या चमकल्या, वरचं देऊळ नाचणीच्या दाण्याएवढं. मी बघतच राहिले.

जुन्या प्रिंटच्या जागी लावायला तोच फोटो मी मोठा करून घेतला. कोपऱ्यात आईचा अंगठा आला होता. दुकानदार म्हणाला, दोन मिनिटांत काढून टाकतो. मी नको म्हटलं.

दिवाळीला आई आली. आल्या आल्या भिंतीला हात जोडले. पंधरा दिवस राहिली, न कुरकुरता चहा प्यायली आणि परत गेली. कायमची येणार नाही, हे मीही आता मानलंय. माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांनी एकदा आपापली भिंत तपासावी. जे मागे राहिलेत, त्यांनी फोटो पाठवत राहावेत, वाकडेतिकडे का होईना.

रोज डबा भरून निघताना मी त्या फोटोपुढे थांबते. हात कळसूबाईला जोडते, पण बघते त्या अंगठ्याकडे.