गळ्याएवढ्या पाण्यात

समुद्रापासून दीडशे पावलांवर चाळीस वर्षं राहूनही कालिरोईला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट ग्रीसमधल्या अख्ख्या नाक्सोस बेटावर एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो तिचा नवरा होता.

बाकी कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तिच्या भाड्याने द्यायच्या आठ खोल्या मे महिन्यापासून भरायला लागत. पाहुणे ओल्या अंगाने अंगणात येत आणि म्हणत, "तुमचं बरं आहे, दारातच समुद्र!" ती म्हणे, "हो ना, यंदा पाणी फार छान आहे," आणि चादरी झटकायला गच्चीवर निघून जाई. समुद्राशी तिचा खरा संबंध त्या चादरींपुरताच होता. रोज सकाळी आठ खोल्यांतली मूठ मूठ वाळू ती खाली पाडायची.

ती मूळची डोंगरातली. लहानपणी बकऱ्यांमागे फिरताना समुद्र लांबून दिसायचा, तेवढाच. तिच्या गावातल्या पोरी पाण्यात उतरत नसत. उतरायला पाणीच नव्हतं. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन ती खाली किनाऱ्यावर आली. आर्गिरिस तेव्हा बेटावरची बस चालवायचा. पहिल्याच उन्हाळ्यात तो तिला पोहायला शिकवायला घेऊन गेला. पाठीखाली हात धरून त्याने तिला आडवं केलं, म्हणाला, "बघ, तरंगतेस की!" आणि गंमत म्हणून हात काढून घेतला. ती नाकातोंडात पाणी जाऊन वर आली, तेव्हा तो हसत होता. ती तशीच ओलेत्या कपड्यांनी घरी चालत गेली. तो विषय त्या दिवशी मिटला, तो पुन्हा निघालाच नाही.

यंदा तिच्या गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, म्हणून खोल्यांचा कारभार मुलीने, किरियाकीने, हातात घेतला. सप्टेंबरात गर्दी ओसरल्यावर तिने आईबापांची बोटीची तिकिटंच काढून आणली. जवळचंच छोटं बेट, इराक्लिया. तीन दिवस.

"आई, तिथे कुणाच्या चादरी बदलायच्या नाहीत. नुसतं बसायचं," तिने बजावलं.

"नुसतं बसायला काय, इथेही बसता येतं."

"इथे तू कधी बसलीस ते सांग."

कालिरोईला काही आठवेना, म्हणून ती बॅग भरायला लागली.

इराक्लियाला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची मालकीण, मोस्खूला, चादर ठीक करायला आली आणि दारातच थबकली. पलंगावर एक सुरकुती नव्हती. फरशी पुसलेली. खिडकीच्या काचासुद्धा.

"तुम्ही रात्री झोपला नाहीत का?" तिने काळजीने विचारलं.

"झोपलो हो," आर्गिरिस म्हणाला, "पण हिने पुरावा ठेवला नाही."

मोस्खूलाला ते काही फारसं रुचलं नसावं. "माझ्या खोलीत धूळ होती का?" ती म्हणाली. कालिरोई लाजून चूर झाली. पाहुण्याने काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दहाच्या सुमारास दोघं लिवादीच्या किनाऱ्यावर गेली. लांबलचक वाळू आणि काठाने झाऊची झाडं. आर्गिरिसने सावलीत चटई टाकली, शर्ट काढला, आणि पुढच्या मिनिटाला तो पाण्यात होता. सत्तरी जवळ आलेला, पोट सुटलेला माणूस. पाण्यात मात्र डॉल्फिनसारखा. कालिरोई फुलाफुलांच्या झग्यात बसून राहिली. आत पोहायचे कपडे होते, ते किरियाकीने जबरदस्तीने घालायला लावले होते. डोक्यावर गवती हॅट. समोर कमरेपासून गळ्यापर्यंतच्या पाण्यात पाच-सहा हॅटा गोल करून तरंगत होत्या. म्हणजे हॅटांखाली बायका होत्या, आणि त्यांच्या गप्पा काठापर्यंत ऐकू येत होत्या. कुणाच्या तरी सुनेने भरल्या टोमॅटोत मनुके घातले होते, त्यावरून रण माजलं होतं.

आर्गिरिस निथळत बाहेर आला. "कॉफी आणतो. थंड?"

"थंड. साखर कमी."

"चाळीस वर्षांत मला तेवढं तरी कळलंय," म्हणत तो वरच्या रस्त्याला लागला.

तो वळणाआड गेला आणि वारा उठला. हॅट डोक्यावरून उडाली, वाळूत दोन कोलांट्या खाऊन पाण्यात पडली. कालिरोई उठून धावली. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं पाणी. हॅट हाताला लागतेय म्हणेपर्यंत पुढे सरके. झगा कमरेला चिकटला. पाणी छातीला लागलं तेव्हा ती भानावर आली आणि जागच्या जागी खिळली. पुढे जाववेना, मागे वळायलाही पाय उचलेना.

त्या बायकांतल्या एकीने, पांढऱ्या हॅटवालीने, लांब हात करून ती हॅट पकडली आणि चालत चालत तिच्याजवळ आणून दिली.

"घ्या. आणि आता आलाच आहात तर थांबा की. एवढं कपड्यांसकट कोण येतं!"

"नाही, मी..." कालिरोईने मागे पाहिलं. काठ लांब वाटला. आणि मग काय झालं कोण जाणे, जे आपल्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "मला पोहता येत नाही."

"मग?" ती बाई म्हणाली. "मला तरी कुठे येतं? बावीस वर्षं इथे उभी राहते मी."

कालिरोई तिच्याकडे बघतच राहिली.

"खरंच सांगते. ही बघा वाळू. खाली सगळी सपाट. माझा नवरा बेकरीवाला, मी पावाच्या भट्टीशी जन्म काढला. तो गेल्यावर डॉक्टर म्हणाला, पाण्यात जा, सांधे मोकळे होतील. मी म्हटलं, जाते, पण पोहणार नाही. तो म्हणाला, उभी राहा. तेव्हापासून उभी आहे. पोलिक्सेनी माझं नाव. तुझं?"

नाव सांगेपर्यंत पोलिक्सेनीने तिचं कोपर धरून तिला गोलात नेलंसुद्धा. बाकीच्या जरा सरकल्या. एकीने लगेच विचारलं, "तू सांग. टोमॅटोत मनुके घालतात का?"

"घालतात," कालिरोई म्हणाली, "आमच्याकडे डोंगरात घालतात. वर चिमूटभर दालचिनी."

"घ्या! अजून एक सून मिळाली!" पोलिक्सेनी ओरडली, आणि सगळ्या हसल्या. कालिरोईही हसली. पाणी आता गळ्याला लागत होतं आणि झगा सभोवती फुलून तरंगत होता. गुडघे दुखत नव्हते. हे तिच्या जरा उशिरानेच लक्षात आलं.

काठावर आर्गिरिस परत आला होता. दोन्ही हातांत कॉफीचे पेले घेऊन तो चटईजवळ उभा होता. चटईवर नुसत्या सपाता. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, झाडांमागे जाऊन आला. पाण्याकडे त्याने पाहिलंच नाही. तिथे ती असणं शक्यच नव्हतं. मग एकाएकी त्याने पेले वाळूत टाकले आणि पाण्याच्या कडेशी येऊन हाक मारली, "कालिरोई!" तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बसचा ब्रेक निकामी झाला होता त्या वर्षीसुद्धा त्याचा असा आवाज निघाला नव्हता.

तिने हात वर केला. "इकडे! अरे, इकडे!"

त्याला आधी ओळखू आली नाही. मग आली. तो पाण्यात थोडा आत आला, तिथेच थांबला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला.

"हा तुझा?" पोलिक्सेनीने विचारलं. "घाबरलाय बिचारा. कॉफीही सांडली."

दुपारी सावलीत बसून त्यांनी डब्यातले खिम्याचे गोळे, टोमॅटो आणि पीच खाल्ले. खाल्ल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही, हा नियम दोघांनाही आईच्या दुधाबरोबर मिळालेला, म्हणून नवरा-बायको तिथेच आडवी झाली. झगा झाऊच्या फांदीवर वाळत होता. कालिरोई पोहायच्या कपड्यांतच होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"तेव्हा मी हसायला नको होतं," आर्गिरिस डोळे मिटूनच म्हणाला.

"कधी?" तिने विचारलं. तिला कळलं होतं.

"तुला माहीत आहे कधी. हात काढला तो काढला, वर हसलो. सकाळी त्या सपाता बघितल्या आणि..."

"चाळीस वर्षं लागली होय रे सांगायला?"

"बस चालवत होतो ना. चालकाशी बोलू नये, अशी पाटी असते."

तिने त्याच्या पोटावर एक चापट मारली.

साडेचारला ती स्वतःच उठली. पाण्यापाशी जाऊन तिने छातीवर क्रूसाची खूण केली, तिकडच्या म्हाताऱ्या बायका करतात तशी, आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. तो मागून आला.

"पाठीखाली हात धर," ती म्हणाली. "आणि काढायचा झाला तर आधी सांग."

"सांगतो."

ती मागे रेलली. कानांत पाणी शिरलं आणि सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. मान ताठ होती, मग सैल पडली. त्याचा तळवा पाठीला घट्ट टेकलेला होता. बऱ्याच वेळाने त्याचं तोंड हललेलं दिसलं. तिने डोकं किंचित उचललं. "काय?"

"काढू का म्हणतोय. एक हात काढला तर चालेल?"

"चालेल."

एक हात निघाला. मग तिने स्वतःच दुसऱ्या हाताला मागे ढकललं. तिच्या अंदाजाने पंधरा सेकंद, त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाच. मग पाय खाली आले, थोडं पाणी तोंडात गेलं, आणि ती खोकत उभी राहिली. या वेळी हसली ती. तो गंभीर चेहऱ्याने तिचे दंड धरून उभा होता.

तीन दिवसांची सुट्टी त्यांनी सहा दिवस केली. किरियाकीने फोनवर विचारलं, "करता काय तिथे एवढं?" कालिरोई म्हणाली, "उभी राहते." मुलीला काही कळलं नाही, पण आईचा आवाज ऐकून तिने पुढे विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नाक्सोसला, नाश्त्याची वेळ व्हायच्या आधी, पाहुण्यांना घरमालकीण छातीएवढ्या पाण्यात आडवी तरंगताना दिसू लागली. शेजारी तिचा नवरा हात पाठीमागे बांधून उभा असे. पोहता तिला अजूनही येत नाही. कुणी विचारलं तर ती तसं सरळ सांगते.