भांडं भरलं की घरात आनंद

आईची किडनी मला बसवली, तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे माझी लघवी. हसू नका. डायलिसिसवर होतो तेव्हा ती जवळजवळ बंदच पडली होती आणि पाणी मिळायचं घोट मोजून. आता मोजायचं प्लास्टिकचं भांडं भरलं, की मी वरच्या खोलीच्या दारातून आमच्या तंजावरच्या बस कंडक्टरच्या आवाजात ओरडायचो, "तिरुवैयारु, तिरुवैयारु! गाडी फुल्ल!" खाली आई टाके सांभाळत हसायची.

जंतुसंसर्ग नको म्हणून मला वेगळं ठेवलेलं. आई गरम इडल्या दारापाशी ठेवून मागे सरकायची. दोस्त गल्लीत मोपेड लावून वर बघायचे. मी खिडकीतून आमच्या हेडमास्तरांची नक्कल करायचो, ते टाळ्या वाजवून निघून जायचे. मग उरायचा पंखा. त्याचीही नक्कल करून झाली होती.

तिसऱ्या महिन्यात भांडं पुन्हा पुन्हा भरायला लागलं. तहानही तशीच. आई खूश. "बघ, माझी किडनी कशी कामाला लागली!" शेजारणीलासुद्धा सांगून आली. वजन उतरत होतं, डोळ्यांपुढे अंधुक यायचं. ते मी तंजावरच्या उन्हावर ढकललं.

तपासणीत शुगर चारशेच्या घरात निघाली. लघवी त्यामुळे वाढली होती.

"मी गोड खाल्लेलं नाही हो," मी म्हणालो.

"ही गोळ्यांची करणी," डॉक्टर म्हणाले. "शरीरानं नवी किडनी हाकलू नये म्हणून ज्या देतो, त्याच. टॅक्रोलिमसनं इन्सुलिन कमी बनतं. स्टिरॉइडमुळे आहे तेही नीट चालत नाही. सगळ्यांना होत नाही. घरात कुणाला शुगर?"

"माझ्या आईला होती," आई हळूच म्हणाली.

"मग याला धोका जास्तच."

"बंद करू त्या गोळ्या?" मी विचारलं.

"स्वतःच्या मनानं एक जरी सोडलीस तर किडनी जाईल. डोस मी रक्त बघून ठरवीन. तोवर इन्सुलिन."

परतताना बसमध्ये आईनं माझा मास्क नाकावर नीट ओढला. मग म्हणाली, "माझ्यातनंच आलं रे तुझ्यात. किडनीबरोबर."

मी डॉक्टरांचा आवाज काढला. "अम्मा, किडनी निर्दोष! गोळ्या दोषी!"

"त्यांचा नको. तुझ्या आवाजात सांग."

मी खिडकीकडे वळलो. बाहेर भाताची शेतं पळत होती, तिकडे बघत बसलो.

सकाळी आठला टॅक्रोलिमसची कॅप्सूल तळहातावर घेतली. हिनंच हे केलं. फेकून द्यावी असं फार वाटलं. पण आईच्या पोटातली ती जागा रिकामीच राहणार होती, मी गिळो की न गिळो. गिळली. मग पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचली.

दाराच्या पलीकडे आई होती.

"घेतलीस?"

"घेतली."

ती लगेच गेली नाही. तिथंच खाली बसल्याचं ऐकू आलं. मीही आतून दाराला टेकून बसलो.