कुठेच न जाणारी वायर

माझ्या इलेक्ट्रिक गिटारमधली एक वायर कुठेच जात नव्हती, म्हणून मी ती कापून टाकली.

नवा पिकअप बसवत होतो. पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबक, तारांची थरथर पकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे चुगली करणारा. बाकीच्या वायरी शहाण्यासारख्या एकमेकींना भेटत होत्या. ही एकटी लाकडातल्या भोकात शिरून बेपत्ता. मी सॉफ्टवेअरवाला. कळलं नाही की उडवायचं, हा आमचा कुळाचार.

तेव्हापासून गिटार लावली की घूंऽऽऽ. आणि शनिवारी बर्मिंगहॅमच्या मंडळात गणपतीसमोर मी वाजवणार, असं मीच गावभर सांगून ठेवलेलं. बायकोने ऑफिसातल्या चार गोऱ्या मैत्रिणींनाही बोलावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये हजर.

डॉक्टर मूळचे नागपूरचे. जन्मभर इथल्या पेशंटांना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर गिटारी दुरुस्त करायला घेतल्या. असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. सवय सुटत नाही. तपासणीच्या जुन्या खाटेवर पांढरी चादर घालून ते गिटार उताणी निजवत आणि उघडण्याआधी गंभीरपणे विचारत, "उपाशी आहे ना?" म्हणजे प्लग काढलाय ना.

मी सुरुवात केली, "काका, मला वाटतं हा पिकअपच..."

"आधी लक्षणं सांग. शहाणपण नंतर."

लक्षणं ऐकून त्यांनी गिटार माझ्या गळ्यात घातली, अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, एका हाताने प्लगचा धातू धर. दुसऱ्या हाताने याचा कान."

तिने धरला. गरजेपेक्षा जोरात. घूं बंद!

"सोड." घूंऽऽऽ. "धर." शांत.

"याच्या अंगात घरभरच्या विजेचा गोंगाट जमतो. तो तारांतून जमिनीत सोडायला एक वायर असते. कोणी कापली बे?"

"विकणाऱ्यानेच असेल," मी म्हणालो.

"यानेच," बायको म्हणाली. कान अजून तिच्याच हातात होता.

डॉक्टरांचे हात थरथरायचे. सोल्डरिंगची सळई हवेत भिरभिरत यायची, आपण श्वास रोखून बघावं, आणि वायरला टेकली की हात एकदम स्थिर. जन्मभर झोपलेल्यांवर पहारा दिलेला तो हात. पंधरा मिनिटांत वायर जागेवर. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "पुन्हा उघडू नको, तेवढीच फी."

शनिवारी गिटारने हूं की चूं केलं नाही. माझा एकेक सूर लख्ख ऐकू गेला. गोऱ्या मैत्रिणी भजी आणायला म्हणून उठल्या, त्या परतल्याच नाहीत. पण पहिल्या रांगेत डॉक्टर डोळे मिटून, मान हलवत बसले होते. मी त्यांच्याकडे बघतच शेवटपर्यंत वाजवलं.

दोन वर्षांनी डॉक्टर गेले. भेटायला गेलो तेव्हा गॅरेजमधली खाट रिकामी होती, चादर घडी करून ठेवलेली. काकूंना म्हणालो, "त्या दिवशी माझं कोणीच ऐकलं नाही. एकट्या काकांनी ऐकलं, अगदी डोळे मिटून."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पहिल्या कडव्यालाच कानातलं मशीन काढून खिशात टाकलं होतं रे त्यांनी."