उस्तादांची शाबासकी

घोडे बांधले का दोन गोष्टी रोज जमतात, लीद आन किस्से. लीद वावरात टाकता येते, किस्से कुठं टाकाचे? आमच्या तांड्याच्या बाजूले, आर्णीच्या रोडवर, इस्माईल उस्ताद पोरांले घोडे चालवाले शिकवतात. मी घोड्यांचे चणे भिजवून देते आन मंग तिथंच बसून राह्यते. शाळा मी पाह्यली नाही, पण हे सारं माह्या ध्यानात आहे. अवंदा गावानं उस्तादांचा आन पोरांचा सत्कार केला, म्हणून हे सांगणं.

उस्तादांची एक रीत आहे. काम चांगलं झालं का घोड्याच्या मानेवर थाप, "शाबास!", आन खिशातला गुळाचा खडा घोड्याच्या तोंडात. पोरांले काही नाही! माही नात चंदा, बारा वर्षांची. तीन वर्षं झाले, तिले एकच पाह्यजे. उस्तादांची एक शाबास!

* * *

पह्यला महिना उस्ताद कोणाले घोड्यावर बसू देत नाहीत. अंग घासा, पाणी पाजा, जागा झाडा. एका पोराचा बाप मोटरसायकलवर तणतणत आला.

"मी पोराले घोड्यावर बसाले धाडलं, शेण उचलाले नाही!"

उस्तादांनी टोपलं खाली ठेवलं. "भाऊ, शेण गाई-बैलाचं. घोड्याची लीद. तुमच्या पोराले हे पह्यल्याच दिवशी समजलं. तुमीबी या उद्यापासून!"

तो बाप आता दर रविवारी झाडू मारते!

* * *

राणी घोडी आधी वरातीची. बँड वाजला का तिले जुनं सारं आठवते. एका उन्हाळ्यात चंदा हेल्मेट घालून तिच्यावर बसून रोडच्या कडेनं चालली होती, आन मांगून वरात आली. झालं! राणी नाचत नाचत वरातीच्या पुढं, थेट मांडवाच्या दारात! खरा नवरदेव मांगं कारमधी.

नवरीच्या मायनं ओवाळाले ताट उचललं, आन हेल्मेट पाहून थबकली. "अवो बाई, नवरदेवानं फेटा काहून नाही बांधला?"

चंदा रडकुंडीले आली. "काकू, मले लगन नाही कराचं! मले घोडी थांबवाची हाये!"

उस्ताद धावत आले. राणीच्या मानेवर थाप. "शाबास! इतक्या गर्दीत कोणाच्या पायावर पाय नाही देला."

"आन मी?" चंदा म्हणे.

"तुनं लगाम ढिला काहून सोडला?"

* * *

एकदा राणी नाल्याच्या पाण्यात पाय टाके ना. उस्तादांनी लाड केले, दम देला, गूळ दाखवला. नाहीच! आमची मांगची पिढी बैलांवर माल लादून गावोगाव फिरे. सासू सांगे, जनावर पाण्याले भ्यालं तं आपण पुढं चालाचं, आन मांगं पाहाचं नाही. आपण मांगं पाह्यलं का त्याले शंका येते.

मी पदर खोचला आन शिरली पाण्यात. पलीकडं जाऊन वळली, तं राणी माह्या खांद्याशी!

"शाबास!" उस्ताद ओरडले. मी लाजली. पाह्यते तं गूळ राणीच्या तोंडात!

"उस्ताद, पाण्यात पह्यले मी गेली न!"

"मावशी, तुमाले कुठं भेव होतं? तिले होतं."

* * *

सत्कार शाळेच्या मैदानात झाला. सरपंचबाईंनी उस्तादांले शाल देली. त्यांनी ती राणीच्या पाठीवर टाकली! नारळ देला, तो उलटून पाह्यला. "मॅडम, हा घोडी खात नाही. गूळ नव्हता का?"

लोकं हासून बेजार! पोरांले मेडल भेटले. माइकवर उस्ताद इतकंच बोलले, "पोरं रोज येतात. मेहरबानी."

मेहरबानी कोणाची, हे मले माहीत. शेळीनं शिंग हालवलं तं माह्या पदराआड लपणारी माही चंदा आता राणीचं खूर मांडीवर घेऊन साफ करते. मी बसल्या जागीच हात जोडले.

* * *

मंग पोरांनी घोडे चालवून दाखवले. शेवटी चंदा. सारं गाव पाहून राह्यलं होतं, आन ती फक्त उस्तादांकडं. आडव्या बल्लीवरून तीन उड्या माराच्या होत्या. दोन झाल्या. तिसरीले राणीचा मांगचा पाय बल्लीले लागला, आन चंदा धाडकन मातीत!

मी उठली.

चंदा उठली. कोपरातून रक्त वाहून राह्यलं होतं. ते तिनं पाह्यलंच नाही. राणीजवळ जाऊन खाली बसली, तिचा पाय दोन्ही हातांनी चाचपला, खूर उचलून पाह्यलं, लगाम धरून तिले चार पावलं चालवलं. आन मंगच रडली.

"उस्ताद, राणी लंगडत नाही न?"

उस्ताद हळूहळू आले. राणीच्या मानेवर थाप नाही, तोंडातून शाबास नाही. खिशातून गुळाचा खडा काढला, त्यावरचा कचरा फुंकला, आन चंदाच्या तोंडात टाकला.

राणी त्यांचा खिसा हुंगत राह्यली. दुसरा खडा नव्हता.